वजन जास्त असलेल्या गरोदर बाईला प्रोबायोटिकच्या पुड्या द्याव्यात का?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका अंगणवाडीताईंचा आहे. थोडक्यात असा: "माझ्या भावजयीला चौदावा आठवडा सुरू आहे. दुसरं बाळंतपण. उंची १५२ सेंमी, वजन ८१ किलो. सात वर्षांपूर्वी पहिल्या वेळी शेवटच्या महिन्यात बीपी वाढलं होतं, सीझर करावं लागलं. शुगर तेव्हा नव्हती. आता एका नातेवाइकानं सांगितलं की वजन जास्त असलेल्या बाईनं रोज प्रोबायोटिकची पुडी घेतली तर गरोदरपणात शुगर होत नाही. मेडिकलमधून महिनाभराच्या पुड्या आणून ठेवल्यात. सुरू करायच्या का? की घरचं ताक पुरेल?"

ताई, पुड्या सुरू करू नका. ताक खुशाल द्या. आणि या दोन्हींपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट तुमच्या प्रश्नात मध्येच येऊन गेली आहे: मागच्या वेळी वाढलेलं बीपी. ते धरूनच मी हे उत्तर लिहिते आहे, कारण तुमच्या भावजयीसाठी खरी घाई तिथे आहे.

आधी पुड्यांचं. नातेवाइकानं सांगितलं ते हवेतलं नाही. आपल्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू राहतात, आणि लठ्ठ माणसाच्या आतड्यातली त्यांची वस्ती सडपातळ माणसापेक्षा वेगळी असते. गरोदरपणात वारेतून निघणाऱ्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा जोर तसाही कमी पडतो, आणि वजन जास्त असेल तर तो आणखी कमी पडतो. मग चांगले जीवाणू बाहेरून दिले, म्हणजेच प्रोबायोटिक घेतलं, तर शुगर आटोक्यात राहील का, हा विचार रास्तच होता. २०१० मध्ये फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या अभ्यासानं त्याला बळ दिलं. २५६ गरोदर बायकांमध्ये आहाराचा सल्ला आणि प्रोबायोटिक दोन्ही मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना गरोदरपणातली शुगर झाली. नुसता आहाराचा सल्ला मिळालेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होतं. एवढा फरक पाहून कुणालाही आशा वाटेल.

पण त्या बायका लठ्ठपणा बघून निवडलेल्या नव्हत्या. तुमच्या भावजयीसारख्या बायका घेऊन जेव्हा चाचण्या झाल्या, तेव्हा तो फरक कुठेच दिसला नाही. डब्लिनमध्ये लठ्ठ गरोदर बायकांना चार आठवडे प्रोबायोटिक कॅप्सूल दिली, उपाशीपोटीच्या शुगरमध्ये काही फरक पडला नाही. न्यूझीलंडमध्ये दक्षिण ऑकलंडमधल्या २३० लठ्ठ गरोदर बायकांवर चाचणी झाली. वजनही कमी वाढलं नाही, शुगरही सुधारली नाही. फिनलंडमध्येच पुढे ४३९ जास्त वजनाच्या बायकांना प्रोबायोटिक आणि माशाचं तेल देऊन पाहिलं, शुगर होण्याचं प्रमाण तेच राहिलं. म्हणजे ज्या देशातून आशा निघाली, तिथेच ती जास्त वजनाच्या बायकांत टिकली नाही.

सगळ्यात लक्ष देऊन वाचावी अशी चाचणी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झाली, २०१९ मध्ये छापून आली. जास्त वजनाच्या आणि लठ्ठ अशा ४११ गरोदर बायका. निम्म्यांना दोन जातींचे जीवाणू, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि बिफिडोबॅक्टेरियम बीबी-१२, प्रत्येकी रोज शंभर कोटींहून जास्त. निम्म्यांना तशीच दिसणारी पण जीवाणू नसलेली कॅप्सूल. विसाव्या आठवड्याच्या आत सुरू केलं, बाळंतपणापर्यंत चालू ठेवलं. शुगर झाली ती जीवाणू घेणाऱ्यांपैकी १८.४ टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांपैकी १२.३ टक्क्यांना. बीपी वाढून लघवीत प्रथिनं जाण्याचा आजार, ज्याला आम्ही प्रीएक्लॅम्पसिया म्हणतो, तो घेणाऱ्यांत ९.२ टक्के आणि न घेणाऱ्यांत ४.९ टक्के. हे दोन्ही फरक योगायोगानंही पडू शकतात इतपतच होते, हेही सांगायला हवं. एक गोष्ट बरी दिसली: वाढ कमी झालेली लहान बाळं प्रोबायोटिकच्या गटात कमी होती, २.४ टक्के विरुद्ध ६.५ टक्के. पण ज्या कामासाठी कॅप्सूल दिली होती, ते काम तिनं केलं नाही.

एकाच चाचणीवरून मी कुणाला घाबरवलं नसतं. २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं अशा सात चाचण्या, एकूण १,६४७ बायका, एकत्र तपासल्या. शुगर टळते असं ठामपणे म्हणता आलं नाही. मात्र प्रीएक्लॅम्पसियाची नोंद असलेल्या चार चाचण्यांत, ९५५ बायकांमध्ये, तो धोका प्रोबायोटिक घेणाऱ्यांत १.८५ पट निघाला, आणि त्या निष्कर्षाबद्दल खात्री उच्च दर्जाची आहे असं त्यांनी नोंदवलं. असं का व्हावं, याचं कारण अजून उलगडलेलं नाही. पण कारण कळेपर्यंत थांबायची चैन आपल्याला नाही. जिचं बीपी एकदा गरोदरपणात वाढलेलं आहे, जिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, ३५ आहे, तिला बीपी वाढवू शकेल अशी पुडी आणि तीही ज्या फायद्यासाठी द्यायची तो फायदा न दिसलेली, का द्यायची? माझं मत स्पष्ट आहे: देऊ नये.

"नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना?" हे वाक्य मी ओपीडीत रोज ऐकते. एका बाईनं पिशवी टेबलावर रिकामी केली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. प्रोबायोटिकचा डबा संपत आलेला, प्रोटीन पावडरचा डबा अर्धा, आणि उपकेंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांचं पाकीट तसंच्या तसं, एकही गोळी न काढलेलं. हिमोग्लोबिन आठच्या खाली. आपल्याकडे जास्त वजन आणि रक्तक्षय एकाच बाईत अगदी सर्रास असतात, आणि वजन बघून घरचे म्हणतात, हिला कसली कमतरता! विकत घेतलेलं औषध जपून घेतलं जातं, फुकट मिळालेलं कोनाड्यात राहतं. खिशाला चाट बसते ती वेगळीच.

बाजारातल्या पुड्यांबद्दल आणखी एक. जीवाणूंमध्ये जातीजातीचा फरक असतो. आपल्या मेडिकलमध्ये हगवणीसाठी मिळणाऱ्या पुड्यांत आणि छोट्या बाटल्यांत बहुतेक वेळा बॅसिलस क्लॉसाय हा जीवाणू किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट असतं. वर सांगितलेल्या चाचण्यांतले जीवाणू वेगळे. एकाचा गुण दुसऱ्याला चिकटवता येत नाही. शिवाय लॅक्टोबॅसिलसची बरीच उत्पादनं थंड जागी ठेवायची असतात. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, पत्र्याच्या दुकानात दुपारी लाइट जाते, तेव्हा त्या पुडीत जिवंत किती उरतं हे पाकिटावरच्या आकड्यावरून कळत नाही.

याचा अर्थ प्रोबायोटिक म्हणजे विष असा घेऊ नका. गरोदर बाईला जुलाब लागले, किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक चालू असताना पोट बिघडलं, आणि डॉक्टरांनी चार-पाच दिवस काही दिलं, तर ती वेगळी गोष्ट आहे. त्यानं घाबरायचं कारण नाही. मी बोलते आहे ते महिनोन्महिने, शुगर टाळण्यासाठी म्हणून, रोज घेण्याबद्दल. आणि भावजयीनं आठ-दहा पुड्या घेतल्याही असतील तर जीव टांगणीला लावू नका. बंद करा, एवढंच.

आता ताक. घरी तापवलेल्या दुधाला विरजण लावून केलेलं दही आणि त्याचं ताक गरोदर बाईनं जरूर घ्यावं. दह्यातून प्रथिनं मिळतात, कॅल्शियम मिळतं, उन्हाळ्यात पोटाला बरं वाटतं, आणि दुपारच्या गोड चहाची जागा ताकानं घेतली तर साखर आपोआप कमी होते. विरजणातही जीवाणू असतात, पण कोणते आणि किती हे घराघरात बदलतं, म्हणून त्याला शुगरचं औषध समजू नका. वरच्या धोक्याचे आकडे कॅप्सूलमधल्या मोजून दिलेल्या जीवाणूंचे आहेत, ताकाचे नाहीत. तेव्हा ते वाचून कुणी ताक बंद करू नये. न तापवलेलं कच्चं दूध मात्र टाळा. ताकात मीठ चिमूटभरच, आणि सोबत पापड-लोणचं रोज नको.

ज्वारी हा आपला मोठा आधार आहे. ज्वारीची भाकरी, घट्ट तुरीचं वरण, मोडाची मटकी किंवा मूग, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, जवसाची चटणी, शक्य त्या दिवशी अंडं: यापेक्षा चांगलं ताट नागपूरचा आहारतज्ज्ञही लिहून देणार नाही. अडचण ताटापेक्षा ताटाबाहेर जास्त असते. सकाळी चहा-खारी, शेतातून आल्यावर चहा-टोस्ट, संध्याकाळी पाहुणे आले की पुन्हा चहा-पोहे. वर "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" म्हणून सासू वाढते ती भाताची मूद. दोघांचं खायचं नसतं. बीएमआय ३० च्या वर असेल तर पूर्ण गरोदरपणात ५ ते ९ किलो वजन वाढलं की पुरे. वजन कमी करायला मात्र जाऊ नका. डाएटिंग नको आणि उपवासही नको. श्रावण सोमवार, नवरात्र, चतुर्थी या दिवशी दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाल्ला की शुगर उसळते. देव समजून घेईल, घरच्यांनीही घ्यावं. भंडारा-गोंदियाकडे, जिथे जेवण भाताशिवाय होत नाही, तिथे मी भात बंद करत नाही. भाताची वाटी अर्धी, वरणाची आणि भाजीची दुप्पट करायला सांगते. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं अंगणात किंवा रस्त्यानं चालायचं. त्याला पैसे लागत नाहीत आणि शुगरवर त्याचा उपयोग होतो.

शुगर होते की नाही हे अंदाजानं ठरवायचं नसतं, तपासायचं असतं. सरकारी पद्धत सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, उपाशी असो वा जेवलेली, आणि दोन तासांनी रक्त. आकडा १४० किंवा जास्त आला तर गरोदरपणातली शुगर. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच व्हायला हवी आणि ती बरी आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. भावजयीची पहिली झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायकांची मोफत तपासणी करतात, ती तारीख चुकवू नका. कुणी "एचबीए१सी करा, उपाशी राहायची कटकट नाही" म्हटलं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी, तर गरोदरपणात त्यावर विसंबू नका. रक्तक्षयात तो आकडा फसवतो आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर आणखीनच. आपल्या विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. भावजयीची सिकलसेलची तपासणी झाली आहे का, तेही कार्डावर पाहा.

आता त्या बीपीकडे येते. मागच्या गरोदरपणात बीपी वाढलेली बाई ही जास्त धोक्याच्या गटात मोडते. तिथे लठ्ठपणाची भर. अशा बाईसाठी एक स्वस्त, जुनं आणि नीट तपासलेलं औषध आहे: कमी डोसची ॲस्पिरिन. २०१७ साली छापून आलेल्या युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत, जास्त धोक्याच्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली. ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागेल असा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. हा फरक योगायोगाचा नाही. वार गर्भाशयात रुजत असते त्या काळातच ती काम करते, म्हणून १६ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी. भावजयीला चौदावा चालू आहे. हातात दोन आठवडे आहेत, आणि याच दोन आठवड्यांत घरात पुडीवर चर्चा चालली आहे.

म्हणून ताई, मेडिकलमधून स्वतः ॲस्पिरिन आणू नका, पण या आठवड्यात तिला ग्रामीण रुग्णालयात किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि सरळ विचारा: "मागच्या वेळी बीपी होतं, हिला ॲस्पिरिन द्यायची का?" पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. पोटात अल्सर, रक्तस्रावाचा आजार किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. डोस आणि कधी थांबवायची हे तेच ठरवतील.

कॅल्शियम दुसरं. उपकेंद्रातून मिळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून दोनदा, चौदाव्या आठवड्यापासून. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या बायकांत त्यानं प्रीएक्लॅम्पसिया कमी होतो. लोहाची गोळी रोज एक, पण कॅल्शियमबरोबर नाही आणि चहाबरोबर तर नाहीच. दोन तासांचं अंतर ठेवा. मी बायकांना सांगते, कॅल्शियम सकाळ-संध्याकाळच्या जेवणासोबत, लोह रात्री झोपताना. मळमळ झोपेत निघून जाते.

बीपी मोजताना एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहा, कारण ती घाईत सुटते. दंड जाड असेल आणि नेहमीचा पट्टा कसाबसा गुंडाळला, वेल्क्रो टोकाला जेमतेम चिकटलं, तर आकडा खोटा जास्त येतो. मग बाईला उगाच गोळ्या सुरू होतात, किंवा त्याहून वाईट, "हिचं जाडीमुळे जास्तच दाखवतं" म्हणून खरं वाढलेलं बीपीही कुणी मनावर घेत नाही. दंडाचा घेर टेपनं मोजा, ३२-३३ सेंमीच्या वर असेल तर मोठा पट्टा मागा. तुमच्या केंद्रात नसेल तर आशाताईंमार्फत पीएचसीतून मागवा. मोजण्याआधी बाई पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून बसलेली हवी, आणि हात छातीच्या पातळीवर. आता घेतलेला आकडा कार्डावर लिहून ठेवा. विसाव्या आठवड्यानंतर वाढला की नाही ते त्याच्याशी ताडून कळतं.

विसाव्या आठवड्यापासून तिचं बीपी दर दोन आठवड्यांनी तरी मोजलं गेलं पाहिजे, शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला. एक पोटुशी बाई मला म्हणाली होती, "काहून मोजता मॅडम रोज रोज, मले तर काहीच होत नाही." तेच तर या आजाराचं लक्षण आहे, सुरुवातीला काहीच होत नाही. १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर त्याच दिवशी दवाखाना, लघवीची तपासणी. १६०/११० असेल तर तासाचीही वाट पाहू नका. सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधारी, बरगड्यांखाली उजव्या बाजूला दुखणं, चेहरा आणि हात एकदम सुजणं, यातलं काहीही अंगावर काढायचं नाही. कापूस वेचणीचे दिवस असोत की घरी लग्न असो. झटके येईपर्यंत थांबलेली बाई तालुक्यातून जिल्ह्याला पोचेपर्यंत आमच्या हातात फार थोडं उरतं. १०८ चा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या, आणि बाळंतपण रक्त आणि सीझरची सोय असलेल्या ठिकाणी होईल हे सातव्या महिन्यातच ठरवा.

सीलबंद पुड्या मेडिकलवाला परत घेतो का ते विचारून पाहा, बहुतेक ओळखीचे दुकानदार घेतात. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात आशाताई घरी येतील तेव्हा तिचंही बीपी मोजायला सांगा, नुसतं बाळाचं वजन करून त्यांना निघू देऊ नका, कारण हा आजार बाळ झाल्यावरही उफाळतो. गरोदरपणात शुगर निघालीच, तर सहा आठवड्यांनी तीच ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते. बाळाच्या लसीची तारीख त्याच सुमारास येते, दोन्ही एकाच खेपेत करून घ्या.